जुन्या मोटारगाडीच्या इंजिनातील बिघाडांचे निदान : ‘प्रीमियर पद्मिनी’च्या विशेष संदर्भात एक विवेचन

गोषवारा :
कार्बोरेटर आणि पॉइंट असलेल्या जुन्या मोटारगाड्यांची संख्या घटत असली तरी खानदेशातील शिंदखेडा, दोंडाईचा, शिरपूर यांसारख्या गावांत त्या आजही जिव्हाळ्याने जपल्या जातात. या गाड्यांचे इंजिन नीट चालेनासे झाले, तर त्याचे कारण कसे शोधावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात ‘प्रीमियर पद्मिनी’ या गाडीच्या आधारे केले आहे. निदान म्हणजे सुटे भाग बदलत जाणे नसून एकेक शक्यता तपासून बाद करण्याची ती तर्कशुद्ध पद्धती आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. पेट्रोलमधील इथेनॉलच्या वाढत्या प्रमाणामुळे या निदानातील काही जुने संकेत बदलले आहेत, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : पद्मिनी, कार्बोरेटर, प्रज्वलन, मिसिंग, व्हेपर लॉक, इथेनॉल, निदान.

१. प्रस्तावना :
‘निदान’ हा शब्द आपणास प्रामुख्याने वैद्यकशास्त्रातून परिचित आहे. रोग्याच्या लक्षणांवरून रोगाचे मूळ कारण ओळखणे म्हणजे निदान होय. यंत्राच्या बाबतीतही हा शब्द तितकाच सार्थ ठरतो. मात्र रोगी आपली वेदना सांगू शकतो, यंत्र सांगू शकत नाही. यंत्राची भाषा आवाज, कंप, धूर, वास आणि उष्णता यांची असते. ही भाषा जाणणारे मिस्त्री पूर्वी तालुक्याच्या प्रत्येक गावी असत. इंजिनाचा आवाज ऐकून ‘तिसऱ्या नंबरचा प्लग काम करीत नाही’ असे सांगणारा मिस्त्री लोकांना जादूगार वाटे. वस्तुतः त्यात जादू नव्हती, तर प्रदीर्घ निरीक्षणातून घडलेली विचारपद्धती होती. ती बहुधा कोठेही लिहिली गेली नाही.

दरम्यान मोटारगाड्यांचे तंत्र पूर्णतः बदलले. कार्बोरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज-सहा’ ही उत्सर्जन मानके लागू झाली. आजच्या गाडीत बिघाड झाल्यास संगणकीय उपकरण जोडून दोषाचा संकेतांक वाचला जातो. ज्या गाडीत संगणकच नाही, तिच्यासमोर नव्या पिढीचा तंत्रज्ञ गोंधळून जातो आणि अंदाजाने सुटे भाग बदलू लागतो. या गाड्यांचे अस्सल सुटे भाग आता दुर्मीळ आहेत. चुकीच्या निदानापोटी उघडलेले इंजिन पुन्हा पूर्ववत होईलच याची शाश्वती नसते. म्हणूनच हा विषय छंदापुरता मर्यादित नाही. एका लुप्त होत चाललेल्या ज्ञानाच्या नोंदीचा तो प्रश्न आहे.

२. लेखाची उद्दिष्टे :
१) जुन्या पेट्रोल इंजिनाच्या कार्याचे मूलभूत तत्त्व स्पष्ट करणे.
२) इंजिनातील बिघाडांच्या निदानाचा क्रम व त्यामागील कारणे मांडणे.
३) खानदेशातील हवामान आणि बदललेले इंधन यांचा या निदानावर होणारा परिणाम तपासणे.
४) या निदानपद्धतीचे तर्कशास्त्रीय व शैक्षणिक महत्त्व विशद करणे.

३. पद्मिनी : संक्षिप्त पार्श्वभूमी :
वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ या कंपनीची स्थापना केली. मुंबईतील कुर्ला येथे तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या सहकार्यातून १९५०च्या दशकात तेथे फियाट ११०० ही गाडी तयार होऊ लागली. १९६४च्या सुमारास तिची ‘११०० डी’ ही आवृत्ती आली. फियाटशी असलेला करार संपल्यानंतर ती काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी मात्र ‘फियाट’ हाच शब्द राहिला. नव्या शतकाच्या प्रारंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती आणखी दोन दशके दिसत होती. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तेथील टॅक्सी-सेवेतूनही ती बाद झाली.

शिंदखेडा तालुक्यासारख्या ग्रामीण भागात एखाद्या वाड्यासमोर उभी असलेली फियाट ही एकेकाळी प्रतिष्ठेची खूण होती. त्यांपैकी काही गाड्या आजही लग्नकार्यात वा दसऱ्याच्या पूजेला बाहेर निघतात. वर्षातील बराच काळ त्या उभ्याच असतात आणि त्यांचे अनेक बिघाड चालवण्यापेक्षा उभे राहण्यातूनच उद्भवतात, हे आरंभीच लक्षात घेतले पाहिजे.

या गाडीचे इंजिन चार सिलिंडरचे व १०८९ घन सें.मी. क्षमतेचे आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मि.मी. आणि दट्ट्याची धाव ७५ मि.मी. आहे. ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे आहे. प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा आहे. कार्बोरेटर, यांत्रिक पेट्रोल पंप, कॉइल, डिस्ट्रिब्युटर आणि पॉइंट ही तिची प्रमुख साधने होत. त्यांतील प्रत्येक साधन डोळ्यांनी पाहता येते आणि हातांनी तपासता येते. निदान शिकण्यासाठी ही गाडी उत्तम ठरते ती यामुळेच.

४. इंजिन चालण्याच्या मूलभूत अटी :
पेट्रोल इंजिन चालण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात. हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी सशक्त ठिणगी. या तिन्ही अटी पूर्ण होत असतील, तर इंजिन चालतेच. ते चालत नसेल, तर यांपैकी किमान एक अट भंग पावलेली असते. निदानाचे सारे शास्त्र या साध्या विधानावर उभे आहे.

या घटना किती वेगाने घडतात, हे गणिताने पाहणे उद्बोधक ठरेल. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दांड्याच्या दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी संथ चालत असेल, तर चार सिलिंडरमध्ये मिळून मिनिटाला १,६०० ठिणग्या पडतात. ४,००० फेऱ्यांना हीच संख्या ८,००० होते, म्हणजे सेकंदाला सुमारे १३३. पॉइंट तितक्याच वेळा उघडतात व मिटतात. पॉइंटमधील अंतर सर्वसाधारणपणे ०.४ ते ०.५ मि.मी. इतकेच असते. एवढ्याशा अंतरात पडलेला फरक संपूर्ण इंजिनाची चाल बिघडवतो, यात आश्चर्य नाही.

५. निदानाचा क्रम :
५.१ प्रथम ऐकणे व विचारणे :
बॉनेट उघडण्यापूर्वी गाडीच्या मालकास प्रश्न विचारले पाहिजेत. दोष केव्हा जाणवतो? इंजिन थंड असताना की तापल्यावर? संथ चालीत, चढावर की वेग घेताना? तो हळूहळू वाढला की एकाएकी उद्भवला? त्यापूर्वी गाडीवर काही काम झाले होते काय? यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण अनेकदा नवा दोष हा मागील दुरुस्तीचेच अपत्य असतो.

त्यानंतर इंजिन सुरू करून सायलेन्सरजवळ उभे राहावे. ज्या दोषाला गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग’ म्हणतात, त्याचे दोन प्रकार असतात. ठराविक तालात येणारे मिसिंग एका विशिष्ट सिलिंडरकडे बोट दाखवते. तालाविना, कधी येथे तर कधी तेथे होणारे मिसिंग चारही सिलिंडरना समाईक असलेल्या घटकाकडे, म्हणजे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट वा कार्बोरेटर यांकडे निर्देश करते. केवळ कानाने केलेल्या या एका भेदामुळे संशयितांची यादी निम्म्यावर येते.

धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर पेट्रोलचे प्रमाण जास्त असल्याचे दर्शवतो. निळसर धूर ज्वलनकक्षात ऑइल जात असल्याचे दाखवतो. इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर पाणी आत शिरत असल्याचा संशय घ्यावा. थंडीच्या सकाळी निघणारी थोडी वाफ मात्र स्वाभाविक असते.

५.२ सदोष सिलिंडर ओळखणे :
मिसिंग तालबद्ध असेल, तर इंजिन संथ चालू ठेवून निरोधक पकडीने एकेका प्लगची वायर काढावी व लगेच परत लावावी. काढलेली वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरावी, अन्यथा कॉइलवर ताण येतो. चांगल्या सिलिंडरची वायर काढताच इंजिन लटपटते. ज्या सिलिंडरची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर काम करीत नाही, हे सिद्ध होते.

पुढची पायरी अधिक उद्बोधक आहे. समजा, तिसरा सिलिंडर सदोष आढळला. त्याचा प्लग काढून दुसऱ्या सिलिंडरमध्ये व दुसऱ्याचा तिसऱ्यात बसवावा. दोष दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला, तर प्लग दोषी. दोष तिसऱ्यातच राहिला, तर प्लग निर्दोष. मग हीच अदलाबदल वायरींच्या बाबतीत करावी. वायरीही निर्दोष ठरल्यास दोष डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये अथवा सिलिंडरच्या दाबात आहे, असे समजावे. या चाचणीत एक रुपयाही खर्च होत नाही, हे विशेष.

५.३ ठिणगी :
विद्युत भाग तपासताना बॅटरीपासून आरंभ करावा. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब सुमारे १० व्होल्टच्या खाली जात असेल, तर कॉइलला पुरेसा प्रवाह मिळत नाही. इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजलेली असणे, हे दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाड्यांतील एक उपेक्षित कारण आहे. त्यानंतर पॉइंटची पृष्ठे पाहावीत. ती वारंवार जळत असतील, तर कंडेन्सर खराब झाल्याचे अनुमान करता येते. कॅपमध्ये बारीक तडा असल्यास पावसाळ्यातील दमट हवेत ठिणगी भलत्याच मार्गाने जाते आणि इंजिन सकाळी सुरूच होत नाही.

येथे कामाच्या क्रमाचे महत्त्व ध्यानात घ्यावे. पॉइंटचे अंतर वाढले की पॉइंट लवकर उघडतात आणि त्यामुळे टायमिंग आपोआप पुढे सरकते. म्हणून आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर असा क्रम पाळावा. उलट क्रमाने काम केल्यास प्रत्येक पायरी मागील पायरी बिघडवते.

५.४ इंधन व हवा :
पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. पेट्रोल यापेक्षा कमी पडले, तर मिश्रण विरळ होते. तेव्हा वेग घेताना गाडी अडखळते, कार्बोरेटरमधून फटका येतो आणि इंजिन अधिक तापते. विरळ मिश्रणाची सर्वांत सोपी चाचणी चोकची आहे. अडखळणाऱ्या, तापलेल्या इंजिनाचा चोक किंचित ओढल्यावर चाल सुधारली, तर मिश्रण विरळ होते हे निश्चित. चाल आणखी बिघडली, तर मिश्रण आधीच दाट आहे.

विरळ मिश्रणाची कारणे दोन प्रकारची असतात. एकतर पेट्रोल कमी येते किंवा हवा जास्त शिरते. जेटमध्ये अडकलेला कचरा, सुस्त झालेला पंप वा चुकीची फ्लोट-पातळी ही पहिल्या प्रकारची कारणे होत. मॅनिफोल्डचे गॅस्केट वा कार्बोरेटरखालील गॅस्केट फाटून आत ओढली जाणारी हवा हे दुसऱ्या प्रकारचे कारण होय. संथ चालणाऱ्या इंजिनाच्या या जोडांवर साबणाचे पाणी सोडावे. पाणी आत ओढले जाऊन चाल बदलली, तर गळतीची जागा सापडते. काही ठिकाणी या चाचणीसाठी पेट्रोल शिंपडले जाते. तापलेल्या इंजिनावर ते अत्यंत धोकादायक असल्याने कटाक्षाने टाळावे.

५.५ दाब :
ठिणगी व इंधन दोन्ही निर्दोष आढळल्यावरच दाबाकडे वळावे. इंजिन तापवून, चारही प्लग काढून, कॉइलची जोडणी सोडवून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजावा. एकेका आकड्यापेक्षा चार आकड्यांतील परस्पर फरक महत्त्वाचा असतो. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांहून स्पष्टपणे कमी भरला, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही, तर दोष व्हॉल्व्हचा वा हेड गॅस्केटचा आहे. शेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकाच वेळी कमी असेल, तर त्यांच्यामधील गॅस्केट जळाल्याची शक्यता मोठी असते. ॲल्युमिनियमचे हेड अतितापाने वाकते, म्हणून पद्मिनीत या बाबीकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

टॅपेटविषयी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. टकटक आवाज करणारा टॅपेट सैल असतो व तो सर्वांना ऐकू येतो. परंतु अतिघट्ट टॅपेट आवाजच करीत नाही. तो व्हॉल्व्हला पूर्ण मिटू देत नाही, त्यामुळे दाब गळतो आणि व्हॉल्व्हची कडा जळते. अतिशय शांत चालणारे इंजिन निरोगी असेलच, असे नाही.

६. एक नमुना : वैशाखातील प्रवास :
वरील तत्त्वे एकत्र कशी उपयोगात येतात, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. मे महिन्यातील दुपार आहे. खानदेशात या दिवसांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. शिंदखेड्याहून लग्नासाठी धुळ्याकडे निघालेली एक पद्मिनी नरडाणा ओलांडून मुंबई-आग्रा महामार्गाने सोनगीरच्या दिशेने जात आहे. अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासानंतर ती दोन-तीन आचके देऊन बंद पडते. सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. कोणीतरी पेट्रोल पंपावर ओले फडके टाकतो. वीस मिनिटांनी गाडी सुरू होते. सर्वांची खात्री पटते की, ‘पेट्रोलची हवा झाली होती’.

या लक्षणाला किमान तीन कारणे संभवतात. पहिले कारण व्हेपर लॉकचे. पेट्रोलमधील हलके घटक साधारण ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. पंप नळीतून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतील दाब कमी होतो आणि उकळण्याचे तापमान आणखी खाली येते. तापलेल्या नळीत वाफेचा बुडबुडा तयार होतो व पंप द्रवाऐवजी वाफच ढकलू लागतो. दुसरे कारण कॉइलचे. तापल्यावर तिच्या आतील वेढ्यांचे निरोधन दुबळे होते, ठिणगी नाहीशी होते आणि थंड झाल्यावर ती पुन्हा येते. कंडेन्सरही असाच वागू शकतो. तिसरे कारण टाकीच्या झाकणाचे. त्यातील हवेचे छिद्र धुळीने बुजले, तर पेट्रोल खर्च होईल तशी टाकीत पोकळी निर्माण होते व पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. थोडा वेळ थांबल्यावर हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी पुन्हा चालू लागते.

तिन्ही कारणांत लक्षण सारखे आहे व वीस मिनिटांच्या विश्रांतीने तिन्हींत गुण येतो. म्हणजेच ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली, यावरून फडक्यानेच ती सुरू झाली असे सिद्ध होत नाही. निर्णायक चाचणी गाडी बंद पडल्याच्या क्षणीच करावी लागते, ती थंड झाल्यावर नव्हे. प्रथम टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला व गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणाचा. तसे न झाल्यास एक प्लग काढून तो वायरीला जोडावा, पेट्रोलच्या नळ्यांपासून दूर इंजिनाच्या लोखंडाला टेकवावा आणि सेल्फ मारून ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल, तर दोष विद्युत भागाचा. ठिणगी निळसर व ठसठशीत असेल, तर दोष इंधनाचा. या तपासणीस पाच मिनिटे पुरतात. ती न करता कोणी पंप बदलतो, कोणी कार्बोरेटर उघडतो, आणि पुढच्या प्रवासात त्याच जागी तीच गाडी पुन्हा थांबते. त्या दिवशी मुहूर्त टळतो, एवढेच नुकसान असते. परंतु वर्दळीच्या महामार्गावर भर उन्हात बंद पडलेली गाडी आतील माणसांसाठी धोकादायकही ठरू शकते.

७. बदललेले इंधन व बदललेले संकेत :
पद्मिनीच्या काळातील पेट्रोल आज राहिलेले नाही. २००० सालच्या आरंभी देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखे संरक्षण देत असे. ज्या इंजिनांत ही बैठक थेट बिडाच्या हेडमध्ये कापलेली असते, त्यांत ती झिजून टॅपेटचे अंतर वारंवार कमी होऊ लागते. त्यानंतरचा मोठा बदल इथेनॉलचा होय. शासकीय आकडेवारीनुसार २०१३-१४ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे सरासरी प्रमाण सुमारे दीड टक्का होते. २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर पोहोचले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये सरासरी प्रमाणही २० टक्क्यांच्या आसपास गेले. उसाचा व मक्याचा शेतकरी, तेलाची आयात आणि पर्यावरण यांच्या दृष्टीने या धोरणाचे समर्थन केले जाते. त्याचा ऊहापोह हा या लेखाचा विषय नाही. जुन्या इंजिनावरील परिणामांपुरता विचार केल्यास पुढील बाबी दिसून येतात.

१) मिश्रण विरळ होते : इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो. त्याच्या ज्वलनास वजनाने सुमारे ९ पट हवाच पुरते. त्यामुळे २० टक्के मिश्रणासाठी आवश्यक प्रमाण १४.७ वरून १३.५ च्या आसपास येते. संगणक असलेली गाडी हा फरक ओळखून इंधन वाढवते. कार्बोरेटरला ती सोय नाही. परिणामी शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेले जेट सुमारे ८ टक्के विरळ मिश्रण देऊ लागते. हे भरून काढण्यासाठी जेटच्या छिद्राचे क्षेत्रफळ तितके वाढवावे लागते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने व्यासातील वाढ सुमारे ४ टक्केच भरते. १.१० मि.मी.च्या जेटऐवजी १.१५ मि.मी.च्या जवळपासचे जेट लागावे, असा याचा अर्थ. गाडीत काहीही न बिघडता वेग घेताना ती अडखळू लागली, तर प्रथम याच कारणाचा विचार करावा.

२) रबर व धातू : जुन्या काळचे रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते किंवा कालांतराने तडकते. पंपाचा डायाफ्राम फाटल्यास पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी न भरता वाढली किंवा त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालवू नये. नळ्या, डायाफ्राम व सीले इथेनॉल-सह्य रबराची बसवणे, हा त्यावरील योग्य उपाय होय.

३) पाणी व गाळ : इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. काही मर्यादेपर्यंत पाणी इंधनात विरघळून राहते, परंतु मर्यादा ओलांडताच पाणी व इथेनॉल एकत्र वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी असलेली गाडी दसऱ्याला सुरू होत नाही, त्यामागे हे कारण असू शकते. शिवाय इथेनॉल टाकीतील जुना चिकट थर सोडवते. म्हणून नव्या इंधनाच्या पहिल्या काही टाक्यांत फिल्टर व जेट वारंवार तुंबतात.

४) प्लगचा रंग : जुन्या पुस्तकांत निरोगी प्लगचा रंग तपकिरी सांगितलेला असतो. शिसेविरहित व इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर प्लग मुळातच फिकट दिसतो. त्यामुळे केवळ फिकट रंगावरून मिश्रण विरळ ठरवू नये. चोकची चाचणी अधिक विश्वासार्ह मानावी.

या मिश्रणाचा एक लाभही नमूद केला पाहिजे. इथेनॉलमुळे पेट्रोलचा ऑक्टेन अंक वाढतो व इंजिन ठोकण्याची प्रवृत्ती कमी होते. लिटरमागील ऊर्जा मात्र सुमारे ७ टक्क्यांनी घटते. म्हणून ॲव्हरेज किंचित कमी झाले, एवढ्यावरून इंजिनात दोष शोधू नये. तो इंधनाचा गुणधर्म आहे.

८. निदानातील तर्क :
भारतीय न्यायदर्शनात पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान हे प्रसिद्ध उदाहरण आहे. मिस्त्रीचे काम शब्दशः याच स्वरूपाचे आहे. मात्र धूर अनेक कारणांनी निघू शकतो, म्हणून केवळ लक्षणावरून केलेले अनुमान अपुरे पडते. कारण असताना कार्य असणे हा अन्वय, तर कारण नसताना कार्य नसणे हा व्यतिरेक. दोन्ही सिद्ध झाल्यावाचून कार्यकारणभाव निश्चित होत नाही. प्लगची अदलाबदल ही या दोहोंची एकत्रित चाचणी आहे. प्लग जेथे जातो तेथे दोष जातो, हा अन्वय. प्लग जेथून काढला तेथून दोष नाहीसा होतो, हा व्यतिरेक. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ साली मांडलेल्या अन्वेषणपद्धतींशी याचे साम्य सहज दिसून येते. ओल्या फडक्याचे उदाहरण मात्र व्यतिरेकाविना केलेल्या अनुमानाचे आहे.

यातून निदानाचे तीन नियम निष्पन्न होतात. पहिला, एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकत्र केल्यास कोणत्या बदलाने गुण आला, ते कळत नाही. दुसरा, सोप्या, स्वस्त व पूर्ववत करता येण्याजोग्या चाचण्या आधी कराव्यात. इंजिन उघडणे ही शेवटची पायरी असावी. तिसरा, प्रत्येक चाचणीची नोंद ठेवावी. जुने मिस्त्री हे नियम पाळत, परंतु ते शब्दांत सांगत नसत. मायकेल पोलान्यी यांनी ज्याला अव्यक्त ज्ञान म्हटले, त्याचे हे ठळक उदाहरण होय. असे ज्ञान माणसाबरोबर जाते.

९. निष्कर्ष :
१) जुन्या इंजिनातील बहुतेक बिघाडांचे निदान साध्या साधनांनी व निश्चित क्रमाने करता येते.
२) समान लक्षणांमागे भिन्न कारणे असू शकतात. म्हणून निर्णायक चाचणी दोष प्रत्यक्ष उपस्थित असतानाच करणे आवश्यक आहे.
३) इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे प्लगचा रंग, ॲव्हरेज व वेग घेण्याची क्षमता यांविषयीचे जुने निकष फेरतपासून घेतले पाहिजेत.
४) उन्हाळ्यातील उष्णता व पावसाळ्यातील दीर्घकाळ उभे राहणे, ही खानदेशातील जुन्या गाड्यांच्या बिघाडांची दोन प्रमुख पार्श्वकारणे मानून त्यांची निगा राखावी.
५) महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व तर्कशास्त्राच्या अध्यापनात जुने इंजिन हे सुलभ प्रायोगिक साधन ठरू शकते. परिसरातील वयोवृद्ध मिस्त्रींच्या मुलाखती घेऊन त्यांच्या निदानपद्धतींची नोंद करणे, हा विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त प्रकल्प होईल.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. गाडीचे कागदोपत्री जतन त्यामुळे शक्य झाले आहे. परंतु नोंदणी झालेली गाडी चालती राहील की केवळ उभी राहील, हे तिचा आवाज ऐकून अर्थ लावणारे कान शिल्लक राहतात की नाही, यावर अवलंबून आहे. ते कान घडवण्याचे काम शिक्षणसंस्थांना आपल्या परीने निश्चितच करता येईल.